माझं म्हणणं, आईच्या तोंडून

मी हे मोबाईलवर लिहितेय, उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरानं. एक अक्षर दाबायचं म्हणजे आधी मनगट उशीवर टेकवायचं, कोपर पोटाशी घट्ट धरायचं, श्वास सोडायचा आणि मग बोट सैल सोडून द्यायचं. नेम धरून मारलं तर हमखास हुकतं. हव्या त्या अक्षराच्या जागी भलतंच पडतं, ते खोडायला जावं तर मागची ओळही सोबत जाते. एवढ्या खटाटोपानं लिहिणाऱ्या बाईनं गोडगोड लिहावं अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. माझं बोलणं बाहेरच्यांना कळत नाही, त्यामुळे सगळं आत साचतं आणि आंबतं. लिहायला बसले की आंबलेलंच आधी वर येतं.

मला सेरेब्रल पाल्सी आहे. नगरचे डॉक्टर मराठीत मेंदूचा पक्षाघात म्हणाले होते. गावात ज्याला जे सुचेल ते म्हणतो. आमची वस्ती देवळालीच्या शिवारात, चारी बाजूंनी ऊस. माझ्या वेळी आईला कळा लागल्या तेव्हा कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. रस्त्यात उसाची ट्रॉली पलटी झालेली. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळंतपण अडून बसलं. मी बाहेर आले ती काळीनिळी, आणि रडले नाही. नर्सनं पाठ चोळून चोळून मला रडवलं म्हणतात. पण रडायला जो उशीर झाला, तेवढ्यात मेंदूचा एक भाग प्राणवायूवाचून दुखावला तो दुखावलाच. हातापायांना, मानेला, जिभेला हुकूम सोडणारा नेमका तोच भाग. हे दुखणं वाढत नाही, बरंही होत नाही आणि कुणाला लागत नाही, एवढं आईनं आल्यागेल्याला आयुष्यभर समजावलं. चुलतीचं मत मात्र ठाम, की आईनं गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही, खुशाल बसून वांगी चिरली. आई म्हणते, पाळलं होतं. हा वाद माझ्याइतकाच जुना आहे आणि माझ्यासारखाच जागचा हलत नाही.

लोकांना वाटतं माझे हातपाय मेलेत. मेलेले असते तर बरं होतं, निदान गप्प पडून राहिले असते. ते नको तितके जागे आहेत. ग्लास उचलायचा असं मी मनात आणलं की खांदा, मान, जबडा, पलीकडचा पाय, सगळे मदतीला धावतात आणि ग्लास लांबच राहतो. जितकी इच्छा जास्त, तितका ताठा जास्त. एकटी असताना, काहीच नको असताना, माझा हात गादीवर मऊ पडलेला असतो. कुणी समोर येऊन ‘हात दाखव बरं’ म्हटलं की तोच हात मूठ वळून छातीशी येतो. कारखान्याचा भोंगा मी जन्मल्यापासून ऐकतेय. तो कधी होणार हे मला घड्याळ न बघता कळतं. तरी तो झाला की सगळं अंग दचकून ताणलं जातं. मी दचकत नाही, अंग दचकतं, आणि बघणाऱ्यांना वाटतं की पोरगी घाबरली.

सकाळी अंग लाकूड झालेलं असतं, थंडीत तर जास्तच. दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. आई आधी गुडघ्यांत घडी केलेली गोधडी सरकवते, मग एकेक पाय हळूहळू दुमडते, सरळ करते, पुन्हा दुमडते. घाई केली तर पाय उलट ताणतो. मग मला उचलून मधे भोक पाडलेल्या खुर्चीवर बसवायचं, खाली डबा. मग न्हाणीत नेऊन अंघोळ. डाव्या हाताची मूठ कायम वळलेली असते, अंगठा आत. ती तशीच राहिली तर तळहाताला घाम धरून वास येतो, कातडी सोलते. ती मूठ जोर लावून उघडत नाही. दादानं एकदा ओढून बघितली होती, मी दिवसभर कळवळत होते. आई मनगट खाली वाकवते, मग बोटं आपोआप सैल होतात, मग ती बुडाशी धरून अंगठा बाहेर काढते आणि तळहात धुते. हे तिला कुणी शिकवलं नाही. माझ्या अंगाशी इतकी वर्षं झटून तिला ते सापडलं.

खायचं म्हणजे तर एक कामच असतं. पाठ सरळ, हनुवटी छातीकडं, दुधात कुस्करलेली भाकरी, छोटा घास, तोही बाजूनं, आणि गिळेपर्यंत थांबायचं. मान मागं गेली की घास श्वासनळीत जातो. पाहुण्यांना हे कळत नाही. बारशाचा पेढा घेऊन येतात आणि लाडानं माझी हनुवटी वर करून तोंडात टाकतात. मग मी काळीनिळी होते, आई धावते, आणि पाहुणी म्हणते, ‘बाई बाई, हिला गोड सोसत नाही वाटतं.’ गावाला जायचं असलं की मी आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाही. बाहेर मला कुठं बसवणार? बायकांच्या त्या कोपऱ्यातल्या मुताऱ्यांत धडधाकट बाई नाक दाबून जाते, तिथं मला दोघांनी धरून नेणं शक्य नसतं. त्यामुळे माझे सगळे प्रवास तहानलेले असतात.

राहिलं बोलणं. लहानपणी आई रोज सकाळी वेखंड उगाळून माझ्या जिभेवर चोळायची. जीभ पातळ होते म्हणतात. जीभ भाजायची, डोळ्यांतून पाणी यायचं, वाचा काही आली नाही. म्हणजे आली, पण ती आईपुरती. माझ्या तोंडातून जे निघतं ते तिला जसंच्या तसं कळतं. दादाला आणि आक्काला निम्मं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बाकीच्यांना फक्त आवाज ऐकू येतो. त्यामुळे डॉक्टर मला तपासताना आईला विचारतात, ‘हिला भूक लागते का? हिला झोप येते का?’ मी समोर बसलेली असते, तीस उलटलेली बाई, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचणारी. चौथीपर्यंत वडील मला सायकलवर पुढं बसवून शाळेत न्यायचे, त्यानंतर मी आक्काची पुस्तकं वाचली आणि मग हाताला लागेल ते. पण ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली की माणसाचं शिक्षण कुणाला दिसत नाही.

आईचं एक होतं, ती माझं बोलणं खालीवर करत नसे. एकदा चुलते म्हणाले, ‘देव चांगल्या माणसाला लौकर न्हेतो, अन् असल्यांना ठेवतो.’ मी म्हणाले, ‘मग तुम्ही कसे राहिलात?’ चुलत्यांनी विचारलं, ‘काय म्हणती गं?’ दुसरी कुणी असती तर चहा घ्या म्हणतेय असं काहीतरी ठोकून दिलं असतं. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सांगितलं, ‘मग तुमी कसं ऱ्हायले, आसं म्हणती.’ चुलते वर्षभर आमच्या ओट्यावर चढले नाहीत. मला तेव्हा आईचा इतका अभिमान वाटला होता की हसता हसता मी खुर्चीवरून घसरले.

पाळी सुरू झाली तेव्हाही तसंच. पै-पाहुण्यातल्या बायका जमून आईला सांगायला लागल्या, पिशवी काढून टाक. हिला काय करायचीय? तुझाच ताप वाचंल. ओळखीचा दवाखानाही त्यांनी शोधून ठेवला होता. ते सगळं माझ्यासमोर, मी भाजीची पाटी असावी तसं चाललं होतं. मी म्हणाले, नाही. आई त्या बायकांना म्हणाली, ‘ती न्हाई म्हणती.’ ‘तिला काय कळतंय?’ असं एकीनं म्हटल्यावर आई उठून उभी राहिली. ‘तिची पिशवी हाय. ती न्हाई म्हणती म्हणजी न्हाई.’ त्यानंतर दर महिन्याला माझे कपडे तिनंच धुतले, एकदाही कपाळाला आठी न घालता. माझ्या ‘नाही’ला जगात किंमत होती ती एवढ्या एका बाईमुळे.

दादा वाईट नाही. हे इथंच लिहून ठेवते, कारण पुढं वाचताना तो कुणालाही वाईट वाटेल. हा मोबाईल त्यानंच दिला. ज्याला ऊस, पाणी, दूध आणि पोरांची शाळा यातून डोकं वर काढायला फुरसत नाही, असा तो साधा माणूस आहे. वहिनीही वाईट नाही. ती मला ताई म्हणते, सणाला नवी ओढणी आणते, आणि माझ्या खोलीत येताना थोडी बिचकते. माझ्याशी मोठ्यानं बोलते, मला ऐकायला कमी येतं असं तिला वाटत असावं. लग्न होऊन आली तेव्हापासून माझं सगळं आईच करत आली, त्यामुळे वहिनीला माझ्या अंगाला हात लावायची वेळच आली नव्हती.

मग वडील गेले. आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात आई मला घेऊन न्हाणीत पडली.

मला काखेत धरून ती वळत होती, तिचा पाय सरकला, आणि आम्ही दोघी ओल्या फरशीवर आडव्या झालो. मी तिच्या अंगावर पडले म्हणून मला लागलं नाही. तिचा खांदा निखळला. पाण्याची बादली कलंडली होती, नळ चालू होता. आई उठू शकेना, आणि माझं अंग घाबरून असं ताठलं होतं की मला तिच्यावरून कुशीला सरकताही येत नव्हतं. माझं सगळं वजन तिच्या त्या दुखऱ्या खांद्यावर होतं. ती ओरडली नाही. ‘हलू नको, सोन्या, हलू नको,’ एवढंच म्हणत राहिली. दादा-वहिनी पलीकडच्या रानात खत टाकत होते. ते येईपर्यंत मी तिच्या छातीवर पडून तिच्या काळजाचे ठोके ऐकत होते, आणि मला पहिल्यांदाच नीट कळलं की ही बाई म्हातारी झालीय.

खांदा बसवला, पण तो पूर्वीसारखा झाला नाही. आता ती मला उचलताना दातओठ खाते. त्या दिवसापासून घरात एक प्रश्न येऊन बसला होता. तो कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण आक्का फोनवर गप्प व्हायची ती त्याच्यापाशी, आणि वहिनी ताट वाढता वाढता थांबायची तीही त्याच्यापाशीच. आईमागं हिचं कोण करणार?

आमच्याकडं बाप गेला की सातबाऱ्यावर वारसांची नावं लागतात. आई, मुलगा, मुली. मग वर्षश्राद्ध उरकलं की मुली तालुक्याला रजिस्टर हापिसात जाऊन हक्कसोड करून देतात. म्हणजे आपला वाटा भावाला सोडून द्यायचा. कायदा काही तसं म्हणत नाही. पण जी सोडत नाही तिला दिवाळीला न्यायला कुणी येत नाही, आणि ‘भावाच्या ताटातलं ओढून घेतलं’ असं गाव तिच्या पाठीमागं म्हणतं. जी सोडते तिला भाऊ साडीचोळी करतो, गोडाधोडाचं जेवण होतं, सगळ्यांचे डोळे पाणावतात. आक्कानं तर लग्न झालं तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं. तिला माहेर टिकवायचं होतं. मला कुठलं आलंय माहेर? मी याच घरात जन्मले आणि याच घरात मरणार. त्या घरात मी कुणाच्या दयेवर नाही असं सांगणारी एकच गोष्ट माझ्याकडं होती, सातबाऱ्यावरचं माझं नाव. नाव आहे तोवर मी वाटेकरी. उद्या मला कुठल्या आश्रमात नेऊन टाकायचं कुणाच्या मनात आलं, तरी त्या नावापाशी त्याला अडखळावं लागेल. ते एकदा गेलं की मी पाहुणी, आणि तीही उचलून न्यावी लागणारी.

एका दुपारी आई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी तिला म्हणाले, ‘मी सोडणार नाही.’

तिच्या लगेच लक्षात आलं. ‘दादाचं मन मोडंल,’ ती म्हणाली.

‘मोडू दे.’

‘अन् ठिवून करणार काय तू? नांगर धरणारेस?’

‘नाव ठेवणार. नुसतं नाव.’

‘तो काय तुला घराबाहेर काढणारे व्हय?’

‘तू आहेस तोवर नाही,’ मी म्हणाले.

आईच्या हातातली शेंग फुटली आणि दाणे खाली सांडले. ती बराच वेळ ते वेचत राहिली. मग म्हणाली, ‘बरं.’ आईचं ‘बरं’ म्हणजे ठरलं, असंच मी आजवर बघत आले होते. त्या दुपारी मला छान झोप लागली.

त्यामुळे तालुक्याला जायचा दिवस आला तेव्हा मी निर्धास्त होते. तुझं नाव कागदात आहे, तुलाही यावं लागेल, साहेबांसमोर सांगावं लागेल, असं दादा म्हणाला. मला वाटलं, बरंच झालं. साहेबांसमोर नाही म्हणेन, आई ते सांगेल, विषय संपेल. दादा चार दिवस फुगून बसेल, मग येईल ताळ्यावर. आदल्या संध्याकाळपासून मी पाणी बंद केलं. आईनं मला आक्कानं दिलेला चांगला ड्रेस घातला. माझा मोबाईल तिनं स्वतःच्या पिशवीत ठेवला आणि पिशवी गाडीतच राहिली. ते माझ्या लक्षात आलं जिना चढताना, म्हणजे दादा मला पाठकुळी घेऊन जिना चढताना. हापीस वरच्या मजल्यावर होतं आणि चाकाची खुर्ची खालीच. मी आईला म्हणाले, मोबाईल. ती म्हणाली, ‘मी हाय ना.’

आत गर्दी होती. बाकावर बसलेल्यांनी मला बघून जागा करून दिली आणि मग बघतच राहिले. आक्काची सही झाली, तिचा फोटो झाला. तिनं डोळे पुसले. मग माझा नंबर. साहेब तरुण होते. त्यांनी आधी दादाला विचारलं, ‘यांना समजतं का सगळं?’ दादा अभिमानानं म्हणाला, ‘सगळं समजतं साहेब, रोज पेपर वाचती. बोलती पन, फक्त आईलाच कळतं.’ तेव्हा साहेबांनी एक गोष्ट केली जी डॉक्टरांनीही कधी केली नव्हती. ते खुर्ची वळवून माझ्याकडं बघून बोलले. ‘ताई, तुम्ही तुमच्या वडिलांच्या जमिनीतला हक्क भावाच्या नावे सोडताय. तुम्हाला हे मान्य आहे का?’

मला तुम्ही म्हणून, माझ्या डोळ्यांत बघून विचारणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत. आणि तिथंच घात झाला. उत्तर द्यायची इतकी इच्छा मला आयुष्यात कधी झाली नसेल. जबडा एका बाजूला गेला, मान वळून खांद्याला लागली, डावा हात छातीशी येऊन बसला. बाकावरची एक बाई ‘अगं आई गं’ म्हणाली. मी श्वास सोडला, थांबले. साहेबही थांबले, हे त्यांचं मोठेपण. मग आवाज आला. मला मान्य नाही. मी दोनदा म्हणाले. माझ्या हिशेबी फार स्पष्ट म्हणाले. दादाकडं बघितलं तर तो कागद सारखे करत होता.

साहेबांनी आईकडं बघितलं. ‘काय म्हणतात?’

आई माझ्याकडं बघत नव्हती. ‘व्हय म्हणती,’ ती म्हणाली. ‘मान्य हाय म्हणती.’

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही. मी ओरडले. ओरडले म्हणजे काय, घशातून एक लांब आवाज निघाला आणि सगळं हापीस गप्प झालं. साहेब म्हणाले, ‘यांना त्रास होतोय का?’ आई म्हणाली, ‘कालपासनं पानी न्हाई पिली साहेब. उन्हाचा तरास झालाय. लौकर उरकून घ्या.’ यातला शब्द न् शब्द खरा होता.

मग अंगठ्याचं मशीन पुढं आलं. डावा अंगठा. दादानं माझा हात हातात घेतला आणि ती मूठ बघून थबकला. आई पुढं झाली. तिनं माझं मनगट खाली वाकवलं, बोटं सैल झाली, तिनं अंगठा बुडाशी धरून बाहेर काढला आणि काचेवर टेकवला. मला मूठ आवळायची होती. एरवी आवळणं हे एकच काम माझ्या हाताला मनापासून येतं. पण आईच्या हातात माझं अंग कधी अडून बसत नाही, त्याला तसं कधी करावंच लागलं नव्हतं. मशीन वाजलं. मग फोटो काढला. त्या कागदावर आज माझा जो फोटो आहे त्यात माझं तोंड उघडं आहे, कारण मी तेव्हाही नाहीच म्हणत होते. बघणाऱ्याला मी हसतेय असं वाटतं.

घरी आल्यावर आईनं मला गादीवर ठेवलं, पाणी पाजलं, कपडे बदलले. तिच्यावर थुंकावंसं वाटत होतं, आणि माझ्या ओठांना तेवढंही जमत नाही. शेवटी मीच म्हणाले, ‘तू खोटं सांगितलंस.’

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘सांगितलं.’

‘का?’

ती माझ्या पायांपाशी बसली. दुखरा खांदा दुसऱ्या हातानं दाबत बोलायला लागली. ‘सातबाऱ्यावरचं नाव तुला उचलून न्हाणीत न्हेनारे का? नाव भाकर कुस्करून घालंल? नाव ठिवलंस तर ती पोरगी तुझ्या अंगाला हात लावनार न्हाई. दादा बोलनार न्हाई, पन मनात धरंल. तुझ्या खोलीत यायचा कमी व्हईल. मी काय रोज हाय? तिच्या पाया पडले मी. म्हनलं, जमीन तुमच्याकडं राहू दे, पन हिला तू बघ. तिनं देवापुढं शब्द दिलाय.’

‘आणि तिनं शब्द मोडला तर?’

आई उठली, पिशवीतून मोबाईल काढून आणला आणि माझ्या उजव्या हाताशी उशीवर ठेवला. ‘लिही,’ म्हणाली. ‘दादाला दाखव. आई खोटं बोलली म्हनून लिही. तो फिरवंल कागद, लबाड न्हाई तो. अन् मग ऱ्हा त्याच्या दारात, माझ्यामागं.’ एवढं बोलून ती बाहेर गेली.

मी लिहायला घेतलं. ‘दादा’ एवढं लिहून झालं. पुढं बोट जाईना. अंग ताठलं नव्हतं, हात चांगला मऊ होता, मला हवं ते लिहिता आलं असतं. माझा राग खरा होता आणि आईची भीतीही खरी होती. दोन्ही एकाच खोलीत मावत नव्हती. मी ते ‘दादा’ खोडून टाकलं. आपण हरलो हे मला तेव्हा कळलं, आणि मी रडले. माझं रडणं मोठ्यानं येतं, ते आईला बाहेर ऐकू गेलं असणार. ती आत आली नाही.

दिवेलागणीला ताट आलं ते वहिनीच्या हातात. आई मागं उंबऱ्याशी बसली आणि तिथून सांगायला लागली, ‘मान मागं नको करू. हनवटी खाली ऱ्हाऊ दे. बाजूनं दे घास. आता थांब, गिळंस्तवर थांब.’ वहिनी सांगितलं तसं करत होती. प्रत्येक घास आधी मागं वळून आईला दाखवत होती. जवळून तिच्या अंगाला गोठ्याचा आणि साबणाचा वास येत होता. मला तिची दया आली. आणि अशा दिवशी मला तिची दया यावी याचा संताप आला. काही घास मी मुकाट्यानं गिळले. मग तिच्या तोंडाकडं बघून, एकेक शब्द सुटा करून, म्हणाले, ‘मी तिथं नाही म्हणाले होते.’

वहिनी माझ्या ओठांकडं बघत राहिली. मी पुन्हा म्हणाले. तिनं खरंच प्रयत्न केला, कपाळ आक्रसून. मग ती मागं वळली. ‘आत्या, काय म्हणत्यात ताई?’

आई माझ्याकडं बघत होती. या खेपेला तिनं नजर वळवली नाही. तिला अक्षर न् अक्षर कळलं होतं.

‘मीठ कमी हाय म्हणती,’ आई म्हणाली.

वहिनी लगबगीनं उठून मीठ घेऊन आली, चिमूटभर टाकून भाकरी पुन्हा कालवली, माझी हनुवटी खाली धरली आणि घास पुढं केला. मला भूक लागली होती. मी तोंड उघडलं.